भोसलेकाकांचा अडलेला मेल

थांबा, हे आत्ताच सांगायचंय! आमच्या टीमच्या कॉमन पत्त्यावर बाहेरच्या कुणाचा मेल आला की तो आधी अडतो, आणि आत सोडायचा की नाही ते मी ठरवते. नव्वद टक्के जाहिरातीच असतात, धडाधड नाकारते.

आज नाकारायला बोट ठेवलं आणि नाव दिसलं, भोसलेकाका! आमचं स्टोअर सांभाळायचे. गेल्या महिन्यात रिटायर झाले, म्हणून मीच त्यांना टीमच्या मेल-यादीतून काढलं होतं. मेल एवढाच: "पोरांनो, स्टोअरची मागची खिडकी लावता ना? कबुतरं शिरतात."

नियमाने हे आता बाहेरचे. पण इतकी वर्षं रोज संध्याकाळी ती खिडकी लावणाऱ्या माणसाला बाहेरचा कसं म्हणायचं? नाव एका क्लिकमध्ये निघतं हो, काळजी थोडीच निघते! सोडला मी मेल.

तो वाचून टीममधला सुमित स्टोअरमध्ये पळाला आणि तिथूनच ओरडला, "अगं, एक शिरलंय! काकांच्याच खुर्चीवर बसलंय!"

आमच्या साहेब मॅडम हसत त्याला म्हणाल्या, "हाकल ते." मग मला, "आणि तू काकांना कळव गं, नाहीतर उद्या स्वतःच येतील बघायला."

मी अजून कळवलेलं नाही. येऊ देत की!

तुमचंही बोट कधी असं एखाद्या नावावर अडलंय का?