हंसावर ताई, हंसाखाली मी

मी ताईवर जळायचे. आजही जळतेय.

ताई आज सकाळी गेली.

"किती गोड स्वभाव होता" वगैरे कमेंट्समध्ये येईलच. होता गोड. माहितीये. मी तिची सख्खी धाकटी बहीण आहे, मला वेगळंच सांगायचंय.

आमच्या लहानपणी समोरच्या गुप्ताजींकडे व्हीसीआर आला. इंदूरच्या आमच्या परदेशीपुऱ्यातली सगळी पोरं त्यांच्या फरशीवर. त्यांच्या भावानं बाहेरून एक कार्टून पिक्चरची कॅसेट आणली होती. इंग्रजी. कोणालाच ओ की ठो कळेना.

ताई सांगायची, आम्ही ऐकायचो.

"जादूगारानं राजकन्येला हंस केलंय. आता तो आपल्या मुलीला सेम टु सेम तिच्यासारखी सजवणार आणि राजपुत्र फसणार."

ही गोष्ट मुळात रशियातल्या नाचाची, पायाच्या अंगठ्यांवर नाचतात त्या बॅलेची, हे मला फार पुढे माझ्या मुलीनं सांगितलं. तेव्हा एवढंच कळलं की राजकन्या ताईसारखी दिसते.

आणि ती दुसरी, काळ्या फ्रॉकवाली, माझ्यासारखी.

मला तिचीच बाजू पटायची. तिनं काय घोडं मारलं होतं कोणाचं?

त्याच वर्षी बाबांची मिल बंद पडली.

बाबा फिटर होते. भोंगा वाजायचा बंद झाला तरी ते वेळेवर उठायचे, दाढी करायचे आणि दारातल्या ओट्यावर बसून राहायचे. बोलणं कमी. हसणं तर विसराच.

पण इंदूरच्या मिलवाल्यांची एक जिद्द होती. मिल बंद, तरी अनंत चतुर्दशीची झांकी निघणारच. वर्गणी काढू, उधार आणू, पण ट्रॉलीवर देखावा उभा करू.

त्या वर्षी देखावा काय, तर बाबा म्हणाले, "पोरींच्या पिक्चरमधला हंस करू."

बाबा कधी येऊन आमच्यामागे उभं राहून तो पिक्चर बघून गेले, आम्हाला पत्ताच नाही!

सियागंजच्या बाजारातून तार आली, बल्ब आले. मिलमधला उरलासुरला कापूस चिकटवून एवढा मोठा हंस झाला. मोटर परवडेना, म्हणून बाबांनी हंसाच्या पोटात सायकलचं पेडल आणि चेन बसवली. पेडल मारलं की पंख हलायचे. एकदम झकास.

आता हंसावर बसणार कोण?

मी नवी रिबन लावून तयार होते. खरं सांगते, रात्री झोप नव्हती लागली.

आई म्हणाली, "थोरली शोभेल गं. गोरी आहे."

झालं. संपला विषय.

मी भोकाड पसरलं. बाबा म्हणाले, "तू माझ्यासोबत खाली. पंख हलवायला भरवशाचा माणूस लागतो."

भरवशाचा माणूस! मला काय कळत नव्हतं का? ताई वर पांढऱ्या साडीत, डोक्यावर मुकुट, आणि मी हंसाच्या पोटात, नाकातोंडात कापूस.

झांकी निघाली आणि पहिल्याच चौकात घोळ झाला.

पांढरी साडी, खाली हंस. लोकांनी धडाधड हात जोडले.

"बोलो सरस्वती मैया की, जय!"

अहो, राजकन्या होती ती! इंग्रजी पिक्चरमधली! पण ऐकतंय कोण? बायका पोरांना उचलून ताईच्या पायावर डोकं टेकवायला लागल्या. एक भिया, म्हणजे आमचा इंदुरी भैया, तर ओरडला, "मैया, छोरे को दसवीं में निकाल दो!"

म्हणजे मला राजकन्यासुद्धा होता आलं नाही आणि ही बया थेट देवी!

मी खाली रागानं लाल. म्हटलं, "बाबा, ताई स्वतः गणितात नापास झालीये, ती कोणाला काय पास करणार?"

आणि बाबा हसले.

पेडलवरचा पाय सुटेपर्यंत हसले. डोळ्यांतून पाणी. मग मलाही हसू फुटलं. पंख थांबले. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "भिया, हंस अटक गया!" त्यावर आम्ही आणखी हसलो. खिशातले शेंगदाणे काढून बाबांनी माझ्या हातावर ठेवले.

तरीसुद्धा मी वर्षानुवर्षं जळलेच. मोहल्ल्यात तिला 'सरस्वती' म्हणायचे. मला कोणी काही म्हणायचं नाही.

मागच्या महिन्यात इंदूरजवळ राऊला तिच्या घरी गेले होते. केमोनं पार वाळली होती. तिला हसवावं म्हणून मीच जुनं काढलं. "तुझं बरंय बाई, तू देवी आणि मी मजूर."

ती हसली नाही.

"तुम्ही दोघं खाली हसत होतात," ताई म्हणाली. "कापसाखालून आवाज येत होता मला. बाबांचा."

मी तिची चादर सारखी करायला लागले.

"मिल बंद पडल्यापासून पहिल्यांदा हसले गं ते. आणि मला मान हलवायची नाही, खाली बघायचं नाही. अख्खं इंदूर माझ्या पाया पडत होतं आणि मी तुझ्यावर जळत होते, भवाने."

मग म्हणाली, "काय बोलली होतीस तू त्यांना? इतकी वर्षं विचारायचं राहिलं."

मी सांगितलं. गणिताचं.

ताई हसली. अगदी बाबांसारखी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरी ठेवलेली नर्स बघायला आली.

आज सगळे येऊन गेले. मी चहा दिला, नीट बोलले, "हो ना, सुटली बिचारी" म्हटलं. मान हलवली नाही, खाली बघितलं नाही.

बाबा तर कधीच गेले. आता तूही पोचलीस त्यांच्याजवळ. बसा दोघं शेंगदाणे खात, हसा माझ्यावर.

या वेळी वर मी एकटी आहे, ताई. आणि खालून कोणाचाच आवाज येत नाहीये.

श्रद्धांजली बाकीचे लिहितील. मी जळतेय, एवढंच लिहिते.

ये आता, भवाने.