लोकलचा गार्ड

आमची अक्का आज सकाळी गेली.

हार-फुलं घेऊन कोणी येऊ नका. दुपारीच उरकलं. तिला गर्दी खपायची नाही, मलाही नाही.

पण एक गोष्ट लिहून ठेवते. चूक माझी होती, आणि अक्काचं अख्खं आयुष्य त्या चुकीवर उभं राहिलं.

परवा माझ्या नातीच्या पोरीची युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन झाली. तिथं म्हणे हेल्प डेस्क. आईबापांचं वेगळं ओरिएंटेशन. वर चहा-बिस्किटं. एवढं कशाला लागतं, मला कळत नाही.

आमच्या वेळी एक टेबल होतं. व्हरांड्यात. त्यावर पुठ्ठा, "नवीन विद्यार्थी". मागे एक क्लार्क. झाला हेल्प डेस्क.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षाचा जून. अक्का मॅट्रिक पास झालेली, जामनेरला मामाकडे राहून. आमच्या पहूरमधून कॉलेजात जाणारी पहिलीच पोरगी. मी अकरा वर्षांची, चौथीत शाळा सुटलेली. आबा, म्हणजे आमचे वडील, सही करायचे ती पण अर्ध्या तासात.

पहूरहून पाचोरा छोट्या गाडीनं, तिथून जळगाव मोठ्या गाडीनं. छोट्या गाडीत गार्डनं आबांना झापलं, "ओ पाटील, ट्रंक दारातून उचला!"

तो गार्ड माझ्या डोक्यात बसला.

कॉलेजात पोचलो. अक्काला आत बोलावलं, इंग्रजीतून काही विचारायला. आबा ट्रंकेपाशी. टेबलाशी मला पाठवलं, कारण आबांना क्लार्कची भीती.

क्लार्क मान वर न करता म्हणाला, "लोकल गार्डियनची सही राहिली. पाचच्या आत आणा. नाहीतर जागा दुसऱ्याला."

मी पळत आले.

"काय म्हंतो व तो?"

"आबा, लोकलचा गार्ड आणाले सांगतलं. सही कराले."

"गार्ड? कायले?"



आबांनी स्वतःच विचार केला. म्हणाले, "बरोबर हाय. पोरगी सुट्टीत गाडीनं येईन-जाईन. जबाबदारी गार्डाचीच."

निघालो स्टेशनला. मी आणि आबा. ट्रंक तिथंच.

फलाटावर एक गार्ड आपल्या काळ्या पेटीवर बसून चहा पीत होता. पांढरा ड्रेस, शिट्टी, बगलेत झेंड्या. ड्युटी संपलेली.

आबांनी पागोटं सारखं केलं. "साहेब, लोकलचे गार्ड तुम्हीच का?"

"मीच. काय हरवलं?"

"हरवलं नाही. पोरगी कॉलेजात घालतोय. तुमची सही लागते."

त्या माणसानं आबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.

"किती वाजेपर्यंत?"

"पाच."

बशीतला चहा तसाच ठेवून उठला. दुसरा प्रश्न नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पाचला दहा कमी. अक्का व्हरांड्यात आम्हाला शोधत उभी, रडवेली.

क्लार्कनं झेंड्या पाहिल्या. "हे कोण?"

"गार्ड," आबा म्हणाले. "लोकलचा."

अख्खा व्हरांडा हसला. क्लार्कनं तर टोपी काढून हसून घेतलं. "अहो बाबा, गार्डियन! गार्डियन म्हणजे पालक! इथला, जळगावातला माणूस, मुलीची जबाबदारी घेणारा!"

आबा वाकले आणि ट्रंक उचलली. परत जायला.

अक्कानं ट्रंकेचं दुसरं कडं धरलं. सोडेना. आबा ओढतायत, ही सोडेना.

तेव्हा गार्ड बोलला. "मी जळगावातच राहतो. रेल्वे क्वार्टरात. घरी बायको आहे. द्या फॉर्म."

क्लार्कचं हसू थांबलं. "पण नातं काय लिहिणार?"

गार्डनं टाक घेतला, लिहिलं. क्लार्कनं वाचलं.

"गार्ड? अहो, इथं नातं लिहायचंय."

"तेच लिहिलंय."

क्लार्कनं एकदा घड्याळ पाहिलं, आणि शिक्का मारला.

चार वर्षं अक्का बोर्डिंगात राहिली. दर रविवारी गार्डकाकूंकडे जेवायला. जात आबांनी घाईत विचारली नाही, मग विचारायची लाज वाटली.

पुढं अक्का जळगावातच मास्तरीण झाली. दर जूनमध्ये शाळेच्या ओट्यावर टेबल टाकून बसायची. खेड्यातली पोरगी आली की पहिला प्रश्न, "जळगावात तुझं कोण हाय व?" कोणी नाही म्हटलं की स्वतः सही करायची.

मला मात्र आयुष्यभर एकच किडा. त्या माणसाला इंग्रजी येत होतं. चूक त्याला फलाटावरच कळली असणार. मग आला कशाला? आला तर आला, वाटेत सांगितलं का नाही?

गेल्या आठवड्यात अक्काला विचारलंच. तिला धाप लागत होती, तरी हसली.

"मी पण गार्डकाकांना विचारलं होतं. बी.ए. झाल्यावर."

"मग?"

"म्हणाले, तुझ्या बापाला तिथंच चूक सांगितली असती, तर त्यानं फलाटावरूनच परतीची गाडी धरली असती. म्हटलं, सहीचं पाहू नंतर, आधी त्याला स्टेशनाबाहेर काढला."

एवढंच. मी ऐंशी वर्षं मोठं काहीतरी धरून बसले होते.

आज सकाळी हॉस्पिटलात फॉर्म दिला, अक्काला घरी न्यायचा. नाव, पत्ता, नातं.

नात्यापाशी माझा पेन जरा थांबला. नर्स म्हणाली, "आजी, समजलं नाही का?"

म्हटलं, समजलं.

बहीण लिहिलं.

अक्का, ट्रंक सोडली बरं का मी. हिरवी झेंडी. जाय आता.