जनरेटर ओढणारी, आईंना बसवणारी

तिला सगळे लाइटताई म्हणायचे. वीज गेली आणि लवकर येण्याचं लक्षण दिसेना, की लोकांना पहिली तिची आठवण व्हायची. ट्रॉलीवर बसवलेला भला थोरला जनरेटर, पुढे तो ओढणारी जुनी पिकअप आणि तिच्या खिडकीतून बाहेर आलेलं ताईचं कोपर, एवढं वळणावर दिसलं की दवाखान्यातली नर्स असो की छापखान्याचा मालक, "आली बाई एकदाची!" म्हणून सुस्कारा सोडायचे.

धंदा मुळात सासऱ्यांचा. त्यांची पाठ धरली तेव्हा जनरेटर विकून टाकायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. त्यांचा मुलगा, म्हणजे ताईचा नवरा, शिंपीकामात रमलेला माणूस. शिलाई मशीनपेक्षा मोठा आवाज झाला की त्याचं डोकं उठायचं. एक गिऱ्हाईक येऊन जनरेटर बघूनही गेलं. ते गेल्यावर सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "सुनेला शिकवा की. तिच्या हातांना काय झालंय?"

नवी नवरी होती ती तेव्हा. सासऱ्यांनी तिला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेलं. ट्रॉली मागे घेणं हे भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणणारं काम. मागचं धूड उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग डावीकडे वळवायचं, आणि तेही बेताबेतानं. सासरे गाडीत शेजारी बसून गप्प असायचे. बोलायच्या त्या सासूबाई, मैदानाच्या कडेला उभ्या राहून, हातवारे करत. "अजून ये! ये! थांब! गेलं कुंपण!" कुंपण खरंच गेलं. कुंपणाचा मालक तावातावानं आला, तेव्हा त्याला गोड बोलून परत पाठवलं तेही सासूबाईंनीच. पुढे सासरे गेले, पण जाण्याआधी सुनेनं धंदा डोळ्यांदेखत हातात घेतलेला त्यांनी पाहिला. त्यानंतर कितीतरी वर्षं कामावर निघताना पिकअपमध्ये ताईच्या शेजारी सासूबाई बसलेल्या असायच्या. वाटा त्यांना पाठ, माणसं त्यांच्या ओळखीची. कुणी पैसे द्यायला का कू करायला लागलं, की त्या नुसत्या खाली उतरून उभ्या राहायच्या.

अशी ती पिकअप एका सकाळी दवाखान्याच्या चढावर, अर्ध्या वाटेत, धूर सोडून बसली. क्लचप्लेट जळाल्याचा वास आला. मागे जनरेटर, खाली उतार. ताईनं हँडब्रेक ओढून धरला आणि रस्त्यावरच्या एका माणसाला चाकांखाली दगड लावायला सांगितलं. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. तेवढ्यात पाण्याचा टँकर खालून आला. टँकरवाल्यानं काही विचारलं नाही, सांगितलं नाही. आपल्या गाडीला ट्रॉली जोडली, वर दवाखान्यात पोचवली आणि नाव न सांगता निघूनही गेला. ताई पुढे कित्येक दिवस प्रत्येक टँकरच्या काचेत डोकावून बघायची, तोच आहे का म्हणून.

मिस्त्रीनं पिकअप उघडून पाहिली आणि फडक्याला हात पुसले. "ताई, हिनं पुष्कळ केलं तुमच्यासाठी. आता हिला सोडा."

त्या संध्याकाळी घरात सभा भरली. एक गाडी ओझ्याला आणि एक घराला, अशा दोन गाड्या ठेवायची ऐपत नव्हती, आणि दारात तेवढी जागाही नव्हती. म्हणजे एकच गाडी. ती जनरेटर ओढेल आणि घरच्यांनाही बसवेल अशी हवी.

"मागे सीट असलेली घ्या, बस्स," ताईची मुलगी म्हणाली. ती आता मोठी झाली होती. पिकअपला पुढे काय ती एक बैठक, त्यामुळे कुठे जायचं तर ती आणि तिचे वडील मागून स्कूटरवर धुळीत न्हात यायचे. "चौघांना नीट बसता आलं पाहिजे."

"तिघं म्हण," सासूबाई शेंगा सोलत म्हणाल्या. "मला नका धरू. मला कुठं जायचंय आता? घराकडे बघायला कुणीतरी हवंच."

हे वाक्य त्या गेली दोन वर्षं म्हणत होत्या, आणि घरातल्या सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. त्या दिवशी मात्र शेजारी शेंगा सोलणाऱ्या ताईचे हात थांबले. पिकअपच्या पायरीवर पाय टाकताना आईंनी कधीपासून दाराला लटकायला सुरुवात केली होती, मग कधीपासून "आज नको, पाय दुखतोय" आणि मग कधीपासून नुसतंच "आज नको", हे तिला एकदम आठवलं. आपण रोज घाईत होतो आणि आई हळूच गाडीतून उतरून गेल्या, आपल्याला कळलंसुद्धा नाही!

तिचा नवरा उठला. गळ्यातली टेप काढली, कानावरचा खडू घेतला आणि म्हणाला, "आई, उठ जरा. दाराशी उभी राहा आणि पाय उचल. जमेल तेवढाच."

"माझा लेंगा शिवतोस काय?"

"उचल तर."

त्यांनी पाय उचलला. त्यानं चौकटीवर खडूची रेघ मारली आणि माप पुटपुटत पाठ केलं.

पुढच्या रविवारी चौघं गाड्यांच्या दुकानात गेली. चकचकीत फरशी आणि काचेच्या भिंती. त्यात एक निळी, सात जण बसतील अशी गाडी उभी होती, ती ताईच्या डोळ्यांतच भरली. आत बसल्यावर स्टिअरिंग हाताशी असं आलं, जणू तिच्यासाठीच बनवलंय. मुलगी मागे पाय पसरून बसली. नवरा जमिनीवर उकिडवा बसून दाराखाली टेप लावत होता, आणि दुकानातली माणसं एकमेकांकडे बघत होती.

"साहेब, गाडीचे कपडे शिवायचेत का?" पिकल्या मिशांच्या विक्रेत्यानं हसत विचारलं.

"आईच्या गुडघ्याचं माप आहे," नवरा गंभीरपणे म्हणाला. "बसतंय. दोन बोटं खालीच आहे."

आणि खरंच सासूबाई कुणाचा हात न धरता आत जाऊन बसल्या. खिडकीची काच खाली-वर करून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी असं काही दिसलं की ताईनं मनात गाडी घेऊनच टाकली.

"हिच्या मागे ट्रॉली जोडता येईल ना?" तिनं सहज विचारलं आणि मोबाइलमधला जनरेटरचा फोटो दाखवला. वजन सांगितलं.

विक्रेत्यानं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग आजूबाजूला नजर टाकली आणि "या, पाणी घ्या," म्हणत तिला मागच्या बाजूला नेलं.

"ताई, मी विकणारा माणूस आहे. हो म्हणालो तर आज माझी एक गाडी जाते," तो ग्लास पुढे करत म्हणाला. "ओढायचं म्हणाल तर ही ओढेल. पहिल्या वर्षी तुम्हाला काही कळणारही नाही. पण ओढणं सोपं असतं हो, थांबवणं अवघड. उतारावर ते एवढं वजन मागून रेटायला लागलं की हिला आवरायचं नाही. ही माणसांची गाडी आहे. आणि तुम्ही आत घरची माणसं बसवून मागे ते धूड लावणार. मला झोप लागायची नाही."

ताईचं मन खट्टू झालं, क्षणभर त्याचा रागही आला. मग दवाखान्याचा चढ आठवला, आणि आपण हे विचारायचं जवळजवळ विसरलोच होतो, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला.

"मग काय घेऊ?"

"जाड चासीची, म्हणजे खालचा सांगाडा भक्कम असलेली, डबल केबिनची पिकअप बघा. नवी परवडायची नाही. आमच्या ओळखीचे एक नर्सरीवाले काका आहेत, काम आवरतं घेतायत. त्यांची विकायची आहे. मातीची ट्रॉली ओढायचे तिच्यावर, पण पोरासारखी सांभाळलीय." त्यानं पत्ता सांगितला. "मी सांगितलं म्हणू नका दुकानात कुणाला."

नर्सरी गावाच्या टोकाला होती. चौघं तिथे गेली. रोपांच्या रांगांमधून ओल्या मातीचा वास येत होता, आणि शेवटच्या शेडखाली ती उभी होती. रंग मातकट, एका बाजूला खरचटलेली, पण पुढे दोन आणि मागे तीन माणसं बसतील अशी, पाठीमागे सामानाचा हौदा आणि त्याखाली दणकट हूक. मिस्त्रीनं आधीच कुणाच्या तरी गाडीनं जनरेटर आणून ठेवला होता. त्यानं गाडीखाली घुसून चासी, स्प्रिंगचे पाटे, सगळं ठोकून पाहिलं. मग ट्रॉली जोडली आणि ताईनं नर्सरीमागचा चढ धरला.

गाडी चढली. कण्हली नाही, कुथली नाही. पण ताईला खरी भीती होती ती उतरणीची. माथ्यावरून वळून ती खाली निघाली, मधोमध ब्रेक दाबला. मागचं वजन जरासं अंगावर आलं आणि गाडी आपल्या जागी शांत उभी राहिली. ताईनं डोळे मिटून घेतले. विक्रेत्याचा चेहरा समोर आला, आणि तिनं मनातल्या मनात त्याला हात जोडले.

"ट्रॉलीचे ब्रेकही मी नवे करून देतो," ती खाली आल्यावर मिस्त्री म्हणाला. "इतकी वर्षं चालढकल केलीत ना, तेवढी बस झाली."

आता फक्त आई बसायच्या राहिल्या होत्या. सासूबाई मागच्या दाराशी गेल्या. पाय उचलला. पाय पायरीपर्यंत पोचलाच नाही. त्यांनी दाराला हात घातला, पुन्हा उचलला, आणि मग हसून पाय खाली ठेवला.

"छान आहे गाडी. मजबूत आहे," त्या म्हणाल्या. "घ्या हीच." आणि जणू त्यासाठीच आल्या होत्या अशा रोपं बघायला निघून गेल्या.

नवऱ्यानं टेप लावली. "वीतभर वर आहे," तो पुटपुटला.

ताई त्यांच्या मागोमाग गेली. "आई, नको ही. दुसरी बघू."

"वेड लागलंय का? एवढी ओढली तिनं. मिस्त्री बरी म्हणाला. आणखी काय हवं?"

"तुम्हाला चढता येत नाही."

"म्हणून माझ्या गुडघ्यापायी तू धंदा अडवणार? अगं, तुला त्या मैदानात गाडीवर बसवलं ते काय यासाठी?"

"त्याचसाठी!" ताईचा आवाज चढला. "तुम्ही बाबांशी बोलला नसतात तर मी आज कुठे असते? तुम्ही शेजारी बसायचात म्हणून मी अनोळखी रस्त्यांना घाबरले नाही. तुम्हाला घरी ठेवून जाणारी गाडी मला नकोच आहे, मग ती डोंगर का ओढेना!"

सासूबाईंनी तोंड फिरवलं. समोरच्या रोपाचं एक पान उगाचच पुसलं. "एवढं ओरडायला काय झालं," त्या हळूच म्हणाल्या.

नर्सरीवाले काका पाण्याची नळी हातात धरून सगळं ऐकत होते. पाणी कधीचं त्यांच्याच चपलेवर पडत होतं. "अहो, मग पायरी लावून घ्या की खाली एक!" ते म्हणाले. "माझ्या वडिलांसाठी मी लाकडी खोकं ठेवत होतो. तुम्ही लोखंडी, घडीची लावा. हा गृहस्थ मघापासून माप घेतोय, त्या मापाचा काहीतरी उपयोग करा!"

सगळे हसले, सासूबाईही. इतकं सोपं होतं ते, आणि कुणालाच सुचलं नव्हतं.

वेल्डिंगवाल्यानं घडी होणारी पायरी बनवली, वर पाय घसरू नये म्हणून खरबरीत पत्रा लावला. दाराच्या आत उभा दांडा बसवला, धरायला. लोखंड हाताला गार लागेल म्हणून नवऱ्यानं त्या दांड्यावर जाड कापडाचं आवरण शिवून चढवलं, आत कापूस भरून. पायरीची उंची त्याच्या खडूच्या रेघेपेक्षा बोटभर कमीच होती.

गाडी घरी आली तेव्हा आई चढताना आपण टक लावून बघायचं नाही, असं बाकीच्यांनी आपसांत ठरवलं होतं. त्यामुळे एक जण टायर बघत होता, एक आकाश, आणि मुलगी बंद मोबाइल. सासूबाईंनी दांडा धरला. एक पाय, मग दुसरा. सीटवर टेकल्या, पदर सावरला आणि आतून आवाज आला, "हा आरसा कधी पुसणार आहात का कुणी?"

ताईचा जीव भांड्यात पडला. ती ओल्या डोळ्यांनी आरसा पुसायला लागली.

पहिलं मोठं काम शेजारच्या शहरातल्या बेकरीचं आलं. तिथला ट्रान्सफॉर्मर जळाला होता, भट्ट्या थंड पडल्या होत्या. त्याच शहरात सासूबाईंची धाकटी बहीण राहायची. दोघींची भेट होऊन जमाना झाला होता, नुसतं फोनवर बोलणं. "चला, सगळेच जाऊ," ताई म्हणाली, आणि पहिल्यांदाच चौघं, मागे जनरेटर घेऊन, एका गाडीतून निघाली. मुलगी वाटभर गात होती. नवऱ्याला इंजिनच्या आवाजात चक्क झोप लागली.

बेकरीत जनरेटर सुरू झाला, भट्ट्या तापल्या, मालकानं ताईला दोनदा धन्यवाद दिले. मग ट्रॉली तिथेच सोडून ती पलीकडच्याच गल्लीत मावशींच्या इमारतीखाली आली. मावशींचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. सासूबाईंनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं. गाडीच्या पायरीचा विचार सगळ्यांनी केला होता, जिन्याचा कुणीच केला नव्हता.

पण मावशी खिडकीतच उभ्या होत्या. "तू वर येऊ नकोस!" त्या ओरडल्या. "मीच येते!" कठड्याला धरत, मधेच थांबत, त्या खाली आल्या. मग घडीची पायरी, कापसाचा दांडा, आणि दोघी बहिणी मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसल्या. ताईनं दोन्ही बाजूंची दारं सताड उघडली, वारा यावा म्हणून. मुलीनं वरच्या घरातून चहा आणला.

दुपारभर गाडी झाडाखाली उभी होती आणि आत गप्पांना खंड नव्हता. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, लहानपणी कुणी कुणाची वेणी ओढली होती, सगळं निघालं. मधूनच दोघी एकदम हसायच्या, तेव्हा गाडी किंचित हलायची. ताई फुटपाथवर नवऱ्याशेजारी बसून ऐकत होती. टँकरवाला, मिशांचा विक्रेता, मिस्त्री, नर्सरीवाले काका, वेल्डिंगवाला. कुणी कुणाचं काही लागत नसताना प्रत्येकानं थोडा थोडा हात लावला होता. आणि शेजारचा हा माणूस, ज्यानं फारसं न बोलता चौकटीवर रेघ मारली होती.

"अहो," ती म्हणाली.

"हं?"

"काही नाही. तुम्ही होतात म्हणून."

तो लाजला, आणि शर्टाची शिवण बघत बसला. बेकरीकडून ताज्या पावाचा वास येत होता. आतून सासूबाईंची हाक आली, "पोरी, निघायची घाई नाही ना?"

"अजिबात नाही, आई," लाइटताई म्हणाली. "बसा तुम्ही."