नीवेसबाईंचं सरळ

व्हेनिसच्या माणसाला वाट विचारली की तो म्हणणार, "सरळ जा." सगळ्या गावात धड सरळ बोळ सापडायची मारामार, तरी उत्तर हेच. त्याचा अर्थ एवढाच, की पूल आला तर चढा, कोपरा आला तर वळा, घाबरू नका, पोचाल. नीवेस बुझेत्तो कळायला लागल्यापासून हेच सांगत आली होती.

नवरा गेला आणि मुलगा खाडीपलीकडे मेस्त्रेत राहायला गेला, तेव्हापासून ती वरची खोली पाहुण्यांना आठवड्याच्या बोलीनं देई. स्वभाव मुलखाचा काळजीखोर. पाहुणे बाहेर पडले की ते परतेपर्यंत हिचा जीव टांगणीला. ते फिरायला आलेत, लढाईला नाही, असं मुलगा चिडवायचा. तिच्यावर काही परिणाम होत नसे.

त्या नोव्हेंबरात दक्षिणेच्या गव्हाच्या मुलखातून म्हातारा रोक्को आणि त्याची मुलगी असुंता आली. रोक्कोनं जन्मभर शेत नांगरलेलं. असुंतानं आठवड्याचा बेत चोख आखला होता: घुमट, राजवाडा, काचेच्या भट्ट्या. म्हातारा तिच्यामागून मुकाट हिंडे आणि संध्याकाळी नीवेसच्या चुलीपाशी येऊन बसे. पोहता येतं का, हे तिनं त्याला पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

"आमच्याकडे पाणी विहिरीत असतं, बाई," तो म्हणाला होता. "त्यात पडू नये, एवढंच शिकवतात."

आठवडा निम्मा सरला आणि असुंताला ताप भरला. दुपारी ती झोपलेली असताना रोक्को खाली आला आणि औषधाचं दुकान कुठं, म्हणून विचारू लागला. नीवेस माकूळ मासा साफ करत होती, हात त्याच्या शाईनं काळे झालेले. मान वर न करता ती म्हणाली, "सरळ जा. चौकातच आहे."

माकूळ शिजला, तरी म्हातारा आला नाही. खिडकीबाहेर धुकं उतरलं होतं. शाल गुंडाळून नीवेस पूल ओलांडून, उजवीकडे वळून दुकानात गेली. असा कोणी इकडे आलाच नाही, असं दुकानदारीण म्हणाली. धक्क्यावर पाहिलं, चर्चमध्ये पाहिलं. पूर्वी असं कोणी हरवलं की खिडकीतून एक हाक मारली तरी पुरत असे. अख्खा बोळ खाली उतरायचा. तिनं आता दारं ठोठावली. एका दारात ओल्या केसांची परदेशी पोरगी आली, हसून मान हलवून आत गेली. बाकीची दारं उघडलीच नाहीत. वर्षभर ती ज्या खिडक्यांखालून जात होती, त्यांतल्या एकीतही ओळखीचं माणूस उरलं नव्हतं. हे तिला माहीत होतं, पण असं झोंबलं कधी नव्हतं.

परतली तर असुंता अंगावर कोट ओढून जिन्यात उभी. "तुम्ही बाबांना काय सांगितलंत? शब्दन् शब्द सांगा."

"सरळ जा म्हणाले."

"अहो, ते कुंपण ओलांडून जातील, पण सांगितल्याशिवाय वळायचे नाहीत!"

नीवेसनं वळून दाराबाहेर पाहिलं. दारातून पुलाकडे न वळता खरंच सरळ गेलं, तर बोळ एका घराच्या कमानीखालून जातो आणि पुढे पायऱ्या. शेवाळलेल्या, थेट कालव्यात उतरणाऱ्या. तिकडे ती वर्षानुवर्षं फिरकली नव्हती. आपण त्याला आपल्या तोंडानं पाण्यात धाडलं, एवढंच तिच्या मनात घुमत राहिलं. सांधे विसरून ती धावली. कमानीखाली अंधार होता, भिंत चाचपत गेली, आणि पायऱ्या दिसल्यावर तिला पुढे पाहवेना. तिनं डोळेच मिटून घेतले.

"बाई, जपून. निसरडं आहे," कोणीतरी म्हणालं.

रोक्को वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसला होता. बुटापर्यंत भरती चढलेली, ओठ निळे. तिनं दोन्ही हातांनी त्याची बाही धरली आणि मग त्याच्यावरच ओरडली, की माणसानं परत फिरू नये का?

"फिरलो होतो. धुक्यात सगळ्या भिंती सारख्याच. म्हटलं, भलतीकडे गेलो तर तुम्हाला सापडायचो नाही. सांगितलेल्या जागी बसावं." तो हळूहळू उठला. "हाका पण मारल्या. पुष्कळ मारल्या. एवढी घरं, एवढ्या खिडक्या, एक माणूस डोकावलं नाही. या गावात कोणी राहत नाही का हो?"

नीवेसनं त्याची बाही सोडली नाही.

"मी राहते," ती म्हणाली.