मधला शेजारी

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली ही गोष्ट. सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

आमच्या शेजारच्या दोन भावांत वाटणी झाली. वाटणी कसली, भांडणच. शेत निम्मं निम्मं झालं आणि बैलजोडीही फुटली. थोरल्याच्या दावणीला एक बैल, धाकट्याच्या दावणीला एक. पेरणीआधी जमीन वखरायची तर एका बैलाने भागत नाही, हे दोघांनाही कळत होतं. पण आधी बोलायचं कोणी? मग दोघे आळीपाळीने माझ्याकडे येऊ लागले. एक दिवस माझा बैल थोरल्याकडे, एक दिवस धाकट्याकडे. बदल्यात दोघेही आपापला बैल घेऊन माझ्या शेतात राबत. मी थोरल्यापाशी त्याची बाजू घेऊन बोलायचो, धाकट्यापाशी त्याची. माझी जमीन वैशाखातच वखरून तयार झाली आणि वरून गावात मी भला माणूस ठरलो.

त्याच दिवसांत उरलेला कापूस गाडीत घालून मी अमरावतीला गेलो. बाजारात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. अडत्याने सांगितलं ते असं: सातासमुद्रापार कापूस पिकवणाऱ्या एका देशात भाऊ भावाशी लढतो आहे, म्हणून आपल्या कापसाला मोल. आता म्हणे त्यांच्या शेजारचा कुठलासा देश मध्ये पडून समेट करणार. समेट झाला की भाव बसला. दुसऱ्या दिवशी बातमी फिरली, की शेजाऱ्याने अंग काढून घेतलं. खरं-खोटं देव जाणे, पण लोकांचा जीव भांड्यात पडला. माझाही. येताना मी बायकोसाठी लुगडं घेतलं.

घरी आल्यावर तिला ही हकीकत मोठ्या खुशीत सांगितली. तिने लुगड्याची घडीही मोडली नाही. गेले चार दिवस आपली जोडी गाडीला होती, तेव्हा शेजारचे दोन बैल दोन दाव्यांना नुसते उभे होते, असं ती म्हणाली. धाकट्याची निम्मी जमीन तशीच पडून होती आणि मृग दहा दिवसांवर आला होता. पेरणी हुकली तर त्याचं वर्ष गेलं.

"तिकडचा शेजारी मधात काहून नाई पडला, ते मले माहीत नाई," ती म्हणाली. "इकडचा काहून नाई पडला, ते माहीत हाये."

मी जेवलो, पण अन्न गोड लागलं नाही. तिचा रागच आला होता, कारण ती खरं बोलली होती.

सकाळी धाकटा बैल मागायला आला. मी थोरल्यालाही बोलावून घेतलं आणि दोघांना सांगितलं, "माहा बैल आजपासून कोनालेच भेटनार नाई. तुमचे दोघाइचे मिळून दोन हायेत."

बऱ्याच वेळाने थोरल्याने आपला बैल सोडला. धाकट्याच्या वावरात जू खाली ठेवलं, तर दोन्ही बैल न हाकता आपापल्या बाजूला जाऊन उभे राहिले, एक उजवीकडे, एक डावीकडे. धाकट्याने डोळे पुसले. मलाही भरून आलं. आता हे दोघे माझे उपकार मानतील, असं मला वाटलं.

थोरला माझ्याकडे वळला. "हे तुले पयल्याच दिवशी काहून नाई सांगता आलं, भाऊ?"

त्या साली गावात सगळ्यांत आधी माझंच वावर तयार झालं होतं, आणि ते त्या दोघांनीच केलं होतं.