काळ्या पापुद्र्याची पूजा

आमच्या घरामागच्या माळावर जमिनीला एक काळपट पापुद्रा आहे. कोरड्या दिवसांत तो करपलेल्या भाकरीच्या पोपड्यासारखा दिसतो. त्यात पाहण्यासारखं काही नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. तो नीलहरित जीवाणूंनी बांधलेला असतो. ओल मिळाली की त्यांचे बारीक धागे मातीच्या कणांमधून सरकतात आणि मागे चिकट आवरण सोडत जातात. ओल गेली की धागे निपचित पडतात, पण चिकटलेले कण सुटत नाहीत. मग ती माती वाऱ्याला किंवा पाण्याला सहजी उचलता येत नाही. गावाने चराईबंदी केल्यापासून गुरांचे खूर तिकडे पडले नाहीत, म्हणून हा जमला. मी सगळी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवली. आता वर्ग उरला नाही, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगत बसतो.

माळाच्या पायथ्याशी माझ्या वहिनीचे कांद्याच्या रोपाचे वाफे आहेत. भाऊ गेल्यापासून शेती तीच बघते. वरून येणारं पाणी तिथे नितळ उतरतं, म्हणून रोप तिथेच.

"तुमची बुरशी हाय तवर माझं रोप हाय, भावजी," ती म्हणायची. माझ्या विद्यार्थ्यांनी एवढंही लक्षात ठेवलं नाही.

यंदा श्रावणात पावसाने ओढ दिली होती. तेव्हाच सरपंचांचा निरोप आला, की शिवारफेरीला जिल्ह्याहून पाहुणे येताहेत, त्यांना पापुद्रा दाखवा. मी एकच अट घातली. त्यावर पाय पडता कामा नये.

"सर, ते माझ्याकडं लागलं," सरपंच म्हणाले.

माझा बेत साधा होता. कडेला उभं राहून तांब्याभर पाणी ओतायचं. कोरडा पापुद्रा भिजला की काही मिनिटांत हिरवा होतो, तेवढं दाखवून घरी जायचं. पण त्या दिवशी तांब्याबरोबर हळदीकुंकवाचं ताट आणि नारळही आला. सरपंचांनी माईक हातात घेतला.

"ही आपली माय हाय. सरांनी बजावून सांगितलंय, तिचा मान राखायचा. सगळ्यांनी चपला काढून पुढं या."

चपलांच्या रांगा शिस्तीत लागल्या. पाहुण्यांनी मोजेसुद्धा काढले. मी सरपंचांचा दंड धरला. "अहो, अनवाणीसुद्धा नको. पायच नको."

"मी बी काढल्यात, सर. बघा की," त्यांनी पाय उचलून दाखवला.

बूट आणि भक्तिभाव यांतला फरक पापुद्र्याला कळत नाही. पायांखाली पापड मोडल्यासारखा आवाज होत होता. भाषण चालू असल्यामुळे तो कोणाला ऐकू गेला नाही. कुंकू वाहिलं, नारळ फुटला, पाणी ओतलं. जमीन हिरवी झाली तेव्हा टाळ्या पडल्या. मग ज्यांना मागून दिसलं नव्हतं, तेही पुढे आले. वहिनी तिच्या बांधावर उभी राहून बघत होती. तिने चपला काढल्या नव्हत्या आणि ती वर आलीही नाही. मी खाली बसलो. उभं राहून काही उपयोग होत नव्हता.

भाद्रपदात एका दुपारी पाऊस जोराने आला. माळावरून पाणी गढूळ उतरलं आणि बोटभर वाढलेलं रोप गाळाखाली गेलं. मी पोचलो तेव्हा वहिनी वाफ्यात वाकून गाळ बाजूला करत होती. खाली रोप आडवं होऊन चेपलं होतं.

"तिला देव केलं तवाच मला वाटलं," ती मान वर न करता म्हणाली, "आता ही कामाची न्हाई."

मी दुसऱ्या टोकाने गाळ काढायला लागलो. तिने दुसरं बी विहिरीजवळ टाकलं. लागण आता उशिरा होणार.

नंतर आम्ही दोघांनी बाभळीच्या फांद्या ओढत आणून माळावरच्या तुडवलेल्या जागेला कुंपण घातलं. पापुद्रा परत कधी धरेल, असं तिने विचारलं. वर्षं लागतील, मी म्हणालो. किती, ते मलाही माहीत नाही. पुढच्या साली पूजा मोठी करायची, असं सरपंच म्हणत असल्याचंही मी तिला सांगितलं.

"करू द्या," ती म्हणाली आणि एक फांदी कुंपणाच्या आत टाकली. "चपला काढूनच येत्याल न्हवं?"

मी आणखी फांद्या आणायला गेलो.