ग्रॅमबाईचं उट्टं

माझ्या थोरल्या जावेला आमच्या गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे तिला ग्रॅमबाई म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, आता जरा जपून म्हणतात, आणि ते बरंच आहे. या बाईच्या वाटेला जाऊ नये. मी गेले होते, म्हणून सांगते.

ती मिठाचे डबे मोजायची. हसू नका, नोकरीच होती ती. औषधाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला आरोग्य संशोधनाचं एक ऑफिस आहे. तिथल्या मोठ्या मॅडमनी अभ्यास काढला होता. मीठ कमी खाल्लं की ब्लडप्रेशर उतरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण माणसं कमी खातात का, आणि काय सांगितलं तर खातात, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून घराघरात एकेक स्टीलचा डबा दिला. घरातलं सगळं मीठ त्यातूनच घ्यायचं. मग शिकवणी: आधी चव बघा मग मीठ घाला, जेवताना मिठाची बाटली समोर ठेवू नका, डब्यातला मोठा चमचा काढून छोटा ठेवा. आणि दर पंधरा दिवसांनी जाऊन डब्याचं वजन करायचं. या कामाला तीन बायका, प्रत्येकीला पन्नास घरं. माझी जाऊ त्यातली एक. मी त्याच ऑफिसात कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर त्यांचे फॉर्म टाइप करायची. ही नोकरी मला तिनंच लावून दिली होती, हेही आत्ताच सांगून टाकते.

रोज सकाळी सातला ती काट्याची पिशवी खांद्याला अडकवून निघायची, कारण गॅस पेटायच्या आत डबा मोजलेला बरा. ओटा पुसायची, काटा ठेवायची, शून्य येईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायची. "मी तर आता अळणीच खाते हो," असं कुणी म्हणालं की ही मान डोलवायची आणि शांतपणे पिठाचा डबा उघडायची. आत मिठाची वेगळी पुडी. "ही पाहुण्यांसाठी का?" एवढंच विचारायची आणि पुडीही काट्यावर ठेवायची. रागवायची नाही, म्हणून बायका तिच्याशी खरं बोलायच्या. सासरा ताट ढकलून देतो, नवरा वरून मूठभर घालून घेतो, मुलगी म्हणते शेजारच्यांकडे जेवते. हे सगळं ती फॉर्मच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहायची.

आठ महिने झाले आणि तिच्या पन्नास घरांपैकी सहा घरांत मीठ उतरलं होतं. बाकी सगळं होतं तिथंच. तिनं तसंच लिहिलं.

आमच्या सुपरवायझरला आम्ही पाठीमागे साखऱ्या म्हणायचो, इतका गोड बोलायचा. गोड बोलून गळा कापणारा नुसता. बाहेरून तपासणीला मोठी माणसं येणार होती आणि त्याला भिंतीवर उतरत्या रेघा दाखवायच्या होत्या. त्यानं तिघींना बोलावलं. "जरा वीस-पंचवीस घरं खाली आणा ना, ताई. शेवटी लोकांच्या भल्याचंच काम आहे." बाकीच्या दोघींनी मुकाट्यानं मान हलवली. माझी जाऊ म्हणाली, "सर, मीठ त्यांनी खाल्लंय. मी कागदावर कसं कमी करू?"

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आठवड्यानं त्यानं सगळ्या ऑफिससमोर, मोठ्या मॅडम बसलेल्या असताना, हातात तिचे फॉर्म धरून सांगितलं, की या बाई घरोघरी जातच नाहीत, घरी बसून आकडे लिहितात, म्हणून यांच्याकडे फरक दिसत नाही. ती उभी राहिली. तोंडात मारल्यासारखी झाली होती. मग साखऱ्या खुर्चीवरून वळला, माझ्याकडे. "तुम्ही तर एकाच घरात राहता. तुमच्या जाऊबाई सकाळी किती वाजता बाहेर पडतात?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. तीही बघत होती. सकाळी सातला तिच्या डब्यात पोळ्या मीच भरून देत होते. दार मीच लावून घेत होते.

मी म्हटलं, "मला माहीत नाही, सर."

मला माझी खुर्ची प्यारी होती, दुसरं काय. खाल्ल्या मिठाला जागले नाही, मूग गिळून बसले. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र तिथंच काढून घेतलं. तिची पन्नास घरं साखऱ्यानं स्वतः 'फेरतपासायला' घेतली आणि चार दिवसांत पुरी करून फॉर्म माझ्या टेबलावर आणून ठेवले.

घरी ती एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर मी सुटले असते. भाजी करायची, वाढायची, माझ्या मुलीची वेणी घालायची. फक्त माझ्या हातचं काही खायची नाही. मी चहा केला की स्वतःपुरता वेगळा करायची. आणि बाहेर तर तमाशाच झाला. ज्या घरांत तिला बसायला पाट मिळायचा तिथं दारं अर्धीच उघडायला लागली. "आमच्याबद्दल काय काय खोटं लिहिलंत हो?" असं एका म्हातारीनं रस्त्यात विचारलं. दुकानदार वजन करताना म्हणायचा, "बघा हं ग्रॅमबाई, मी घरी बसून मोजत नाही." ती पिशवी उचलून घरी यायची. भावजींनी म्हटलं, "सोड ना, दुसरी नोकरी बघ." ती भाजी निवडत राहिली.

मला ते सहन होईना. एका दुपारी मी साखऱ्याच्या पन्नास घरांची छापील यादी पदराखाली घालून घरी आणली आणि तिच्यापुढं ठेवली. दोन महिन्यांनी ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "पेन दे."

ती एकेक आकड्याभोवती गोल काढत गेली. सातशे सदतीस. आठशे एक्कावन्न. सहाशे त्र्याण्णव. मग ती हसली. अशी हसली की मला भीतीच वाटली.

"आपला काटा आठवतो?" ती म्हणाली. "दोन-दोन ग्रॅमनं चढतो. सातशे छत्तीस दाखवेल, सातशे अडतीस दाखवेल. सदतीस त्याच्या बापजन्मात दाखवणार नाही. आठ महिने मोजलं, त्यावर एकसुद्धा विषम आकडा आलेला नाही."

आणि ते आकडे मी स्वतःच्या बोटांनी टाइप केले होते. आठ महिने फक्त सम आकडे टाइप करत आले, त्या आठवड्यात विषम केले, आणि डोकं चाललं नाही. साखऱ्यानं गोल आकडे नकोत म्हणून खरे वाटतील असे वेडेवाकडे लिहिले होते. त्या माणसानं काट्याला कधी हातच लावला नव्हता.

मी म्हटलं, "ताई, आत्ताच मोठ्या मॅडमकडे जाऊ."

"बस खाली. त्याला अजून वर चढू दे."

दीड महिना तिनं हे पोटात ठेवलं. माझा जीव खालीवर व्हायचा आणि ही आरामात कपडे वाळत घालायची. मला बजावलं होतं, की तोंडातून शब्द काढलास तर या घरात तुझी माझी ओळख नाही.

तपासणीच्या दिवशी हॉल भरला होता. बाहेरून आलेली पाच माणसं पुढं बसली होती, मागं घराघरातल्या बायका. साखऱ्या नवा शर्ट घालून भिंतीवर रेघा दाखवत होता. सगळ्या खाली उतरत होत्या, सर्वांत जास्त माझ्या जावेच्या घरांच्या. टाळ्या पडल्या. टेबलावर शोभेला एक डबा आणि तिचा जुना काटा मांडून ठेवला होता.

मागच्या रांगेतून ती उठली. "सर, डबा कसा मोजतात ते एकदा पाहुण्यांना दाखवा की."

एवढ्या लोकांत तो नाही कसा म्हणणार? त्यानं डबा ठेवला. सातशे बावीस.

"छान," ती पुढं येत म्हणाली. "आता त्यात मीठ घालून सातशे सदतीस करा. माझ्या आठव्या घराचा तुम्ही लिहिलेला आकडा आहे."

त्याला अजूनही कळलं नव्हतं. हसत हसत त्यानं चमच्यानं मीठ घातलं. सातशे चौतीस. चिमूट टाकली. सातशे छत्तीस. आणखी चिमूट, तरी छत्तीस. आणखी थोडं. अडतीस. थोडं काढलं. छत्तीस. हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. त्याच्या कपाळावर घाम आला. आता त्याला कळलं होतं, पण ती त्याला सोडेना.

"घाला ना, सर. कणकण घाला. सापडेल."

दहा मिनिटं तो माणूस मीठ घालत आणि काढत होता. टेबल पांढरं झालं. मी मनात म्हणत होते, अजून. अजून थोडा वेळ. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. शेवटी मोठ्या मॅडम उठल्या, छापील यादी मागवली आणि विषम आकडे मोजले. पन्नासात सव्वीस. त्यांचा चेहरा उतरला. बाकीच्या दोघींनी तिथंच रडत कबूल केलं, की आम्हीही खाली आणले. त्यांना काटा माहीत होता, म्हणून त्यांनी खोटं लिहिलं तेही सम आकड्यांत. साऱ्या अभ्यासावर पाणी पडलं. सगळं नव्यानं मोजायचं ठरलं.

साखऱ्याची नोकरी गेली. मॅडम जावेला म्हणाल्या, "आम्ही पोलिसांत रीतसर तक्रार करणार आहोत. पण खोटेपणाचा आळ तुमच्यावर आला. तुम्ही सांगाल तसं."

"तक्रार राहू द्या," ती म्हणाली. "त्यांनी माझ्याबरोबर पन्नास घरी यायचं."

आणि तो आला. सकाळी सातला, रोज. पुढं तो, मागं काट्याची पिशवी घेऊन ही. प्रत्येक दार वाजवायचं आणि म्हणायचं, "या बाई येत होत्या. यांनी खरं लिहिलं होतं. खोटं मी लिहिलं." तिसऱ्या दारापर्यंत त्याचा आवाज बसला. एका घरी त्यानं "चुकून झालं" असा शब्द घुसडला, तर हिनं त्याला परत जिना उतरायला लावून पुन्हा वर आणलं. तीन घरांना कुलूप होतं, तिथं दुसऱ्या दिवशी नेलं. ती म्हातारी रडली आणि हिला पाट दिला. साखऱ्याला उभंच ठेवलं.

पाचव्या दिवशी ती घरी आली तेव्हा मी ओट्याशी होते. मला वाटलं, संपलं आता. मी चहा ठेवला, दोघींचा.

"पन्नास झाली," ती म्हणाली. "एक दार राहिलंय."

"कुणाचं?"

तिनं माझ्या हातातली गाळणी काढून घेतली, दंडाला धरून मला बाहेर नेलं आणि उंबऱ्याबाहेर उभं केलं. स्वतः आत जाऊन दार लावून घेतलं. गल्ली सगळी बाहेर होती. दुकानदारसुद्धा बघत होता. चपलासुद्धा घातल्या नव्हत्या मी. खूप वेळ तशीच उभी होते. मग दार वाजवलं.

दार उघडलं. ती उंबऱ्याच्या आत उभी होती.

"माझी जाऊ रोज सकाळी सातला निघायची," मी म्हटलं. "तिचा डबा मी भरायचे. मला माहीत होतं."



"पलीकडच्यांना ऐकू गेलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा वाजव." आणि तिनं दार लावून घेतलं.